कोट मोजणारा कमळाकर

कमळाकर सोनावळेला एका जागी बसणं ठाऊक नव्हतं. खोपोलीत आमची दुकानं समोरासमोर होती, माझं सायकल दुरुस्तीचं आणि त्याचं लॉन्ड्रीचं. वीस वर्षांत त्याने माझ्याकडे टेकून चहा घेतला असेल तर शपथ. उभ्याने बशीत ओतायचा, फुर्रकन प्यायचा, अर्धं वाक्य माझ्या दारात बोलायचा आणि उरलेलं रस्त्यापलीकडे गेल्यावर पुरं करायचा. मधून एसटी गेली की ते अर्धं वाक्य बुडायचं आणि मी दिवसभर विचार करत राहायचो, हा म्हणाला तरी काय.

त्याचे वडील खालापूरकडच्या एका गावात येसकराचं, म्हणजे वेशीच्या राखणीचं काम करत. छप्पन साली त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, गावकीची कामं टाकली आणि बायकोपोरं घेऊन खोपोलीला हमालीवर आले. पुढे कमळाकरने लॉन्ड्री काढली तेव्हा आळीतल्या निम्म्या घरांनी त्याच्याकडे कपडे टाकले नाहीत. त्यात आम्ही ठोंबरेही होतो. आई म्हणायची, "आपलं धुनं आपन धुवू, त्यात काय जड हाय?" सांगायला लाज वाटते, पण हे सांगितलं नाही तर मी पुढे काय केलं त्याचं वजन कळणार नाही.

मग अठ्ठ्याहत्तरच्या सुमारास घाटाच्या पायथ्याशी इंदुज्योत सेमीकंडक्टर्स आली. गाव तिला चिपकंपनीच म्हणायचं. रेडिओ-टीव्हीच्या पोटात बसतात ते नखाएवढे तुकडे तिथे बनत. आतल्या खोलीत धुळीचा कण चालत नसे, म्हणून तिथल्या मुली अंगभर पांढरा कोट, डोक्याला टोपी आणि पायात कापडी पिशव्या घालून काम करत. ते कोट धुवायचं काम निघालं. खळ चालणार नाही, नीळ चालणार नाही, उघड्यावर वाळत घालायचे नाहीत. बाकी लॉन्ड्रीवाल्यांनी हात झटकले. कमळाकरने मागच्या खोलीला बारीक जाळी ठोकली, दोऱ्या आत बांधल्या आणि काम उचललं. कंपनीचे कोट ज्याच्याकडे जातात त्याच्याकडे मग आळीचे सदरे-लेंगेही जायला लागले. आमच्या आईनेही माझी लग्नातली पँट गुपचूप पाठवून दिली. कमळाकरने ती अशी इस्त्री करून दिली की मला ती घालवेना.

कंपनीचे शेअर निघाले तेव्हा त्याने शंभर घेतले. त्या दिवसापासून तो रोज सकाळी स्टेशनवर पेपरची वाट बघत उभा राही आणि पेपर हातात आला की आधी मागचं पान उघडी. टीव्ही घरोघर आले तेव्हा दहाचा शेअर चाळीसवर गेला. नंतर परदेशातून स्वस्त माल यायला लागला, कंपनी सलग दोन वर्षं तोट्यात गेली आणि भाव अकरावर आला. लोक शिव्या देत विकत होते, हा पठ्ठ्या घेत होता.

"पडलं तवाच घ्यायचं, गजा. कोथिंबीर तू पन सांजच्यालाच घेतोस ना?"

"सांजच्याची कोथिंबीर सडकी निघते रं."

"ती तुला निवडता येत नाय म्हनून."

त्याची निवडायची रीत मात्र साऱ्या खोपोलीत कुणाकडे नव्हती. तो कोट मोजायचा. बुधवारी आणि शनिवारी कंपनीतून हातगाडीवर गाठोडी यायची. किती कोट आले हे कमळाकर दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवी. कोट कमी झाले म्हणजे आत माणसं कमी, म्हणजे काम कमी, म्हणजे पुढचा सहामाही निकाल वाईट. आणि हे दोनदा तंतोतंत खरं ठरलं होतं. मुंबईतले मोठमोठे दलाल चुकले, पण आमचा लॉन्ड्रीवाला चुकला नाही. मग काय, बाजारात लोक त्याला राम राम, जय भीम करायच्या आधी विचारायचे, "कोट किती?"

शहाऐंशीच्या पावसाळ्यात कोट वाढायला लागले. आधी अडीचशे होते, मग तीनशे झाले, गणपतीनंतर पावणेचारशे. सहामाही निकाल ऑक्टोबरच्या एका गुरुवारी होता. कमळाकरच्या पायाला आधीच भिंगरी, आता ती गरगरायलाच लागली. इस्त्री गरम करून ठेवायचा आणि निघून जायचा, कोळसे विझून जायचे. एकदा सकाळी कर्जत स्टेशनवर जाऊन कंपनीची बस बघून आला. मुली तिकडच्याच, कर्जत, नेरळ, बदलापूरच्या. खोपोलीला त्यांचं तोंड दिसत नसे, बस थेट गेटात शिरे.

"खचाखच भरलेली, गजा! उभं राहायला जागा नाय."

"पन आधी दोन बशी होत्या ना?"

"दुसरी ग्यारेजात आसंल," तो म्हणाला आणि वाक्याचा शेवट घेऊन रस्ता ओलांडून गेला.

माणसाला जे हवं असतं ते दिसतं, आणि जे दिसतं त्याला तो हवं तसं वळवतो. मलाही तेच हवं होतं, म्हणून मीही दुसऱ्या बसचा नाद सोडून दिला.

हा सगळा खेळ त्याच्या एकट्याच्या पैशांवर असता तर मी हे लिहायला बसलो नसतो. त्याची धाकटी बहीण शकू वर्षापूर्वी नवरा गेल्यावर त्याच्याकडे राहायला आली होती. कोट वाळवायच्या खोलीला लागून एक खण होता, त्यात ती झोपे. अंगणवाडीत काम करी. कोट दमट असले की तिच्या अंथरुणालाही ओल येई, पण तिने कधी कुरकुर केली नाही. तिचं सगळं लक्ष शेलूकडे होतं. शेलू स्टेशनजवळ दोन-दोन खोल्यांची घरं बांधायला काढली होती, त्यातलं एक तिने बयाणा देऊन धरलं होतं. रविवारी ती शेलूला जायची, भिंती कंबरेपर्यंत आल्या की छातीपर्यंत ते बघून यायची आणि आम्हाला ओटा कुठल्या बाजूला घेणार ते हातवारे करून सांगायची. उरलेली रक्कम दिवाळीपर्यंत भरायची होती. नवऱ्याच्या फंडाचे पैसे तेवढ्याला पुरत नव्हते.

"बँकेत कुजवतेस कशाला?" कमळाकर तिला म्हणाला. "कोट वाढतायत."

"दादा, बुडायचं नाय ना?"

"मी हाय ना."

त्या पैशात अकराच्या भावाने चारशे शेअर आले. ऑक्टोबर लागेपर्यंत भाव अठरावर गेला. अठराने विकले असते तर शेलूचं घर निघत होतं. शकू म्हणाली, "पुरे आता. इकून टाक." तिने ट्रान्सफर फॉर्मवर सह्या करून कागद भावाच्या हातात दिले. विकताना घेणाऱ्याचं नाव घातलं की काम झालं. पण कमळाकर म्हणाला, "निकाल लागू दे गं. पंचवीस होतील. ओट्याला कडप्पा बसवशील." कडप्प्याच्या नादी तो लागला, ती नव्हे.

मीही काही साधुसंत नव्हतो. हवा भरायच्या कॉम्प्रेसरसाठी जमवलेले पैसे मी बँकेतून काढून आणले होते. दलालाचा माणूस रामभाऊ दर शनिवारी कर्जतहून येई, तो येऊन गेला होता आणि निकाल गुरुवारी. पुढच्या शनिवारी भाव हाताबाहेर गेला असता. म्हणून मी कमळाकरच्या मागे लागलो, "तुझ्यातले दे थोडे." तो हसून म्हणायचा, "जेवायला बसलेल्या मानसाच्या ताटातलं मागतोस?" मी देव पाण्यात घालून बसलो होतो. त्याच्याकडे ती सोय नव्हती, म्हणून तो चालत सुटायचा.

बुधवारी काय झालं ते मला येसूवहिनीने नंतर सांगितलं. येसूबाई म्हणजे कमळाकरची बायको. गिऱ्हाईक कमळाकर सांभाळी, पण कोटांच्या कॉलरींना साबण लावून ब्रशने घासायचं काम तिचं. ती तीन आठवडे सांगत होती, "अवो, कॉलरी मळलेल्या नायत."

"आत धूळच नसते. मळतील कुठनं?"

"धूळ नसंल. मान तर मानसाचीच हाय ना? आधी मळायच्या त्या?"

यावर कमळाकरने तिला, मशीन नवीन आलंय, गारवा वाढवलाय, असलं काहीबाही ऐकवलं. जिच्या हाताखालून कोट जातो तिला विचारायचं सोडून हा बसगाड्या मोजत कर्जतला गेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

बुधवारी दुपारी चारशे साठ कोट आले. इतके कधीच आले नव्हते. कमळाकर खडू घेऊन दाराकडे धावला. तेवढ्यात येसूवहिनीने गाठोड्यातला एक कोट उचलून त्याच्यापुढे धरला. प्रत्येक कोटाच्या छातीवर त्या-त्या मुलीच्या नंबराची पट्टी शिवलेली असे. इथे पट्टी उसवलेली होती, नुसती दोऱ्याची भोकं राहिली होती. दुसऱ्या कोटाचं तेच, तिसऱ्याचंही. हातगाडीवाला पदू पैशांसाठी उभा होता. कमळाकरने त्याला विचारलं तर तो म्हणाला, "कपाटातले, पेटीतले, समद्यांचे गोळा करतायत. एकेकीचे तीन-तीन. निम्म्या पोरींना पावसाळ्यापासनं सुट्टीच हाय. धुऊन स्टोरात ठेवायचे म्हनं, मशिनींसंगं इकायचे."

म्हणजे काम वाढलं म्हणून कोट वाढले नव्हते. माणसं संपत होती म्हणून वाढले होते. घरी पाठवलेल्या मुलींचे न घातलेले, घडी न मोडलेले कोट तो आठवडे-आठवडे मोजत होता आणि खडूने आकडे वाढवत होता. वहिनी म्हणाली, त्याच्या तोंडाचं पाणीच पळालं. मग त्याने फळीवरून शकूच्या कागदांची पिशवी काढली आणि तो रस्ता ओलांडून माझ्याकडे आला.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी चाकाचं पंक्चर काढत होतो.

"गजा, पैसे हायत ना तुझ्याकडं?"

मी हात पुसले. "किती देतोस?"

"चारशे. अठरानं. शकूला घरासाठी पायजेत."

यात खोटं काहीच नव्हतं. मी विचारलं, "आज कोट किती?"

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "चारशे साठ."

हेही खरंच होतं. माझा आनंद गगनात मावेना. मी आत जाऊन पैशांचा डबा आणला. बाहेर येऊन बघतो तर कमळाकर नाही. तो आपल्या दारात उभा होता. परत आला, कागद ठेवले. मी फॉर्म पुढे ओढला आणि नाव लिहायला पेन उघडलं. त्याने माझ्या हाताखालून कागद ओढून घेतले.

"नगो घेऊस, गजा."

"का रं?"

"कंपनी बसतेय."

"चारशे साठ कोट आले म्हनतोस आनि कंपनी बसतेय?" मी हसलो. मला वाटलं, याला आतली बातमी लागली आहे आणि आता याला शेअर सोडवत नाहीत. "विसानं घेतो."

"नगो."

"बावीस. आत्ता, रोख."

बावीस म्हणताच त्याने पिशवी छातीशी धरली. त्याची बोटं पिशवीच्या बंदाशी चाळा करत होती. आज कळतं की बावीसने शेलूचं घर तर होतंच, वर कडप्पाही होता. तो दुकानाच्या पायरीवरून उतरला, चढला, पुन्हा उतरला. रस्त्याच्या मधोमध जाऊन थांबला, मागून टेंपोवाला हॉर्न वाजवत होता. मग मान हलवून तो आपल्या दुकानात शिरला आणि त्याने दार ओढून घेतलं.

मी संतापलो. भर रस्त्यात, चार लोकांदेखत मी त्याला ओरडून बोललो. अप्पलपोट्या म्हणालो, विश्वासघातकी म्हणालो. शेवटी त्याच्या जातीवरून जे बोललो ते इथे लिहीत नाही. लिहिलं तर तो शब्द पुन्हा एकदा माझ्या तोंडून जाईल. तो आत होता, त्याने ऐकलं. शकू अंगणवाडीतून आलेली होती, तिनेही ऐकलं असणार.

शुक्रवारच्या पेपरात निकाल आला. तोटा दुप्पट आणि चिपचा विभाग बंद. शनिवारी रामभाऊ आला तेव्हा सहा रुपयांनीही कुणी घ्यायला तयार नव्हतं. त्याआधी शुक्रवारीच, पेपर वाचून झाल्यावर, मी हातातला पंप खाली ठेवला. मग पलीकडे गेलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, पण दारात पोचेपर्यंत सगळं विसरलो. त्यानेच सांगितलं, पट्ट्या, पदू, सगळं. मी म्हणालो, "परवा मी जे बोललो..."

"ते राहू दे," तो म्हणाला. त्याने माफ केलं असं मी म्हणणार नाही. राहू दे म्हणाला, एवढंच. मग म्हणाला, "शकूला यातलं सांगू नगोस. मी चुकलो एवढंच तिला ठावं हाय. तेवढंच बरं."

दिवाळी झाली. शेलूचं घर दुसऱ्या कुणाला गेलं. बयाण्यातले थोडे पैसे कापून बाकीचे परत आले. कंपनीचं काम गेल्यामुळे लॉन्ड्रीत फक्त आळीचे कपडे उरले आणि शकू त्याच खणात राहिली. रविवारी आता ती कुठे जात नसे. भावाशी बोलायची ते तोडून. एकदा नळावर चार बायकांत म्हणाली, "आमचा दादा कोट मोजतो. अक्कल मोजायची राहिली." कमळाकर पाणी भरत होता, त्याने बादली उचलली आणि गेला.

हे मला बघवेना. ज्याने माझे पैसे वाचवले त्याला मूर्ख म्हणून घ्यावं लागतंय आणि मी गप्प, हे दोन महिने मला टोचत होतं. एका संध्याकाळी शकू सायकलला हवा भरायला आली. मी तिला सगळं सांगून टाकलं. बुधवार, कागद, अठरा, बावीस. वाटलं, तिच्या डोळ्यांत पाणी येईल, भावाबद्दल अभिमान वाटेल.

तिने सायकल माझ्या भिंतीला टेकवली. "त्याला बुधवारी ठावं व्हतं?"

"व्हय."

"आनि माजे कागद तुमच्या हातात दिले व्हते?"

"दिले आनि काढून घेतले. तुझा दादा लई मोठा मानूस हाय, शकू."

ती रस्ता ओलांडून गेली. मी मागोमाग गेलो. मनातून घाबरलो होतो, कारण तिचं तोंड मी समजलो होतो तसं झालं नव्हतं. कमळाकर सदऱ्याला इस्त्री करत होता. येसूवहिनी बाजूला घड्या घालत होती. शकू टेबलापुढे उभी राहिली.

"बुधवारी तू गजादादाकडं गेलेलास?"

कमळाकरने आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "गेलो व्हतो. इकायला."

"मग?"

"नाय इकले. कसे देऊ, शकू? समोरचा मानूस हाय. ठावं असून कसं गळ्यात मारू?" त्याचा आवाज चिरकला. "तुज्या घराचं मी वाटोळं केलं. तू काय बोलायचं ते बोल."

मी हात चोळत उभा होतो. मधे काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं, पण वहिनीने मला डोळ्यांनी गप्प केलं.

"मी भिंतीपल्याड व्हते," शकू म्हणाली. "हाक मारली असतीस तर आले असते. गजादादा तुला काय-काय बोलत व्हते ते समदं मी ऐकलं. ज्यानं तुला आसं बोलावं त्याच्याबी गळ्यात मारू नगो, आसं मीच म्हनले असते रं. मला इचारलं का नायस?"

"तुला तरास नगो म्हनून..."

"घर माजं, पैसे माजे, सही माजी. घर गेलं ते माजं गेलं, आनि चांगुलपना तेवढा तुज्या एकट्याचा झाला?"

कमळाकरची इस्त्री सदऱ्यावर होती तिथेच राहिली. सदरा करपल्याचा वास आला तेव्हा वहिनीने पुढे होऊन त्याच्या हातातली इस्त्री काढून घेतली.